दाखल्यातली नवरी

दहा कुमारिकांचा दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली बोधकथा, मी दौंडच्या आमच्या चर्चमध्ये संडे स्कूलच्या मुलांना इतक्यांदा शिकवलाय, की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. दाखल्याचा मला कधी कंटाळा आला नाही. त्याचा अर्थ सांगणाऱ्यांचा मात्र वीट आला होता, आणि माझ्या भाचीच्या, अनुपमाच्या लग्नापासून तर शिसारीच बसली आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दहा मुली दिवे घेऊन नवरदेवाला सामोऱ्या जातात. पाचजणी शहाण्या, त्यांनी जास्तीचं तेल बरोबर घेतलंय. पाच मूर्ख, त्यांच्याकडे दिव्यात असेल तेवढंच. नवरदेव काही येत नाही. सगळ्यांचा डोळा लागतो. मग हाकाटी होते, की आला, आला. मूर्खांचे दिवे विझायला लागलेले असतात, त्या शहाण्यांकडे तेल मागतात. शहाण्या म्हणतात, आम्हालाच पुरायचं नाही, दुकानात जा. त्या दुकानात जातात तेवढ्यात नवरदेव येतो, आत जातो, दार बंद होतं. मग दार वाजवत बसलेल्या त्या पाचजणींना आतून उत्तर मिळतं, ‘मी तुम्हाला ओळखत नाही.’

नवरदेव म्हणजे प्रभू, दिवा म्हणजे बाहेरून दिसणारा धर्म, तेल म्हणजे आतली तयारी, आणि ती उसनी मिळत नाही. हे मीही शिकवलं. पण मी शिरूर-दौंड भागातली लग्नं पाहत म्हातारी झाले आहे. मला दर वेळी वाटायचं, पोरींच्या तेलाची एवढी चौकशी होते, पण नवरदेवाला उशीर कशानं झाला हे एकानंही कधी विचारलेलं नाही.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, हा दाखला नुसता वाचत नाहीत, लग्नात करतातही. फार पूर्वी इथं मिशनची एक मडम होती, तिनं ही रीत पाडली. चर्चच्या फाटकात दहा अविवाहित मुली पेटते दिवे घेऊन उभ्या राहतात आणि नवरदेवाला आत आणतात. पाच मुलीकडच्या, पाच मुलाकडच्या. दौंड रेल्वेचं गाव, त्यामुळे दिवे म्हणजे गार्डाच्या जुन्या हातबत्त्या. आमच्या आजोबा-पणजोबांनी रेल्वेतून निवृत्त होताना एकेक करून चर्चला दिलेल्या. जड, काळ्या, रॉकेलवर जळणाऱ्या, आणि आत फिरवायची लाल-हिरवी काच. नवरदेव दिसला की सगळ्यांनी काच फिरवून हिरवा दाखवायचा. आणखी एक नेम असा, की जिच्या हातात बत्ती तिनंच तिच्यात तेल भरायचं. दुसऱ्या कुणी भरलेलं चालत नाही. बत्त्यांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची आणि चर्चच्या दाराचीही. निवृत्त मास्तरीण, लग्न केलेलं नाही, दुसरं काम काय? असं मंडळीतले लोक म्हणतात. म्हणोत.

अनुपमा माझ्या भावाची, भारतची मुलगी. तिची आई ती शाळेत असतानाच गेली. पुढचं सगळं मी केलं. मुलगी नर्स झाली, इथल्याच एका खाजगी दवाखान्यात लागली. लग्न ठरलं शिरूरच्या सत्यजीतशी. त्याचे वडील संपतराव सणसवाडीच्या कंपन्यांना मजूर पुरवणारे ठेकेदार, आणि मुलगा त्यांच्याच हाताखाली. मागच्या वर्षी ह्या संपतरावांनी आमच्या चर्चला सागवानी दार बसवून दिलं, आत ए.सी. बसवला. दारावर पितळी पाटीत स्वतःचं नाव. तेव्हापासून चर्चचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, त्यांचं नाव घेताना आवाज खाली आणतात, जसा प्रार्थनेत आणतात.

साखरपुड्यालाही तो मुलगा उशिराच आला होता. मी अनुपमाला बाजूला घेऊन विचारलं, तुला हा पसंत आहे ना?

‘‘माणूस वाईट न्हाई आत्या,’’ ती म्हणाली. ‘‘बापापुढं बोलत न्हाई, एवढंच. मी त्याला एकच गोष्ट मागितलीय. म्हटलं, लग्नाला येळंवर ये. माझ्या मैत्रिणी नाइट ड्युटी करून तशाच दिवे धरायला येणारेत. उन्हात उभ्या ऱ्हाणारेत. बाकी मला काय नको.’’

‘‘मग काय म्हणाला?’’

‘‘शब्द दिलाय.’’

 मुलीनं आयुष्यात एक गोष्ट मागावी आणि ती घड्याळाकडे बघण्याची असावी!

आमच्या बाजूच्या पाच मुलींत चुलत नात्यातली माया होती आणि बाकी चौघी दवाखान्यातल्या. त्यांची पुढारी गौतमी. ती आमच्या मागच्या बुद्धविहाराजवळ राहते. अनुपमाची नर्सिंगपासूनची मैत्रीण. पाळकसाहेबांनी आधी तोंड वाकडं केलं, की करवल्या मंडळीबाहेरच्या कशा? मी म्हटलं, बत्त्या तुमच्या मंडळीतल्या आहेत, तेवढं पुरेसं आहे. रॉकेल रेशनवर बंद होऊन वर्षं झाली, ते मी किती ठिकाणी हिंडून आणलं माझं मला माहीत. बत्त्यांत भरायला आणि वर एक छोटा डबा राखीव. तालमीच्या दिवशी मुलींना दाखला वाचून दाखवला, तर गौतमीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘बाई, ह्यात नवरी कुठाय?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हंजी नवरदेव हाय, करवल्या हायेत, दुकानदार हाय, दार हाय. लगीन कुणाशी लागतंय? नवरीचं नावच न्हाई कुठं.’’

मी ठरलेलं उत्तर दिलं, की नवरी म्हणजे मंडळी, म्हणजे आपण सगळे. तिनं मान हलवली, पण पटलं नाही हे मला दिसलं. घरी येऊन मी दाखला पुन्हा काढून वाचला. खरंच नव्हतं. लग्नाची एवढी मोठी गोष्ट, आणि नवरीचा उल्लेखसुद्धा नाही.

लग्नाच्या सकाळी मुलाकडच्या पाच मुली लवकरच हजर झाल्या. त्यांच्याबरोबर काळ्या शर्टातला, कानात वायर घातलेला एक इव्हेंटवाला. मी कपाट उघडून बत्त्या काढून दिल्या, तर त्याने हात पुढे केला नाही. पिशवीतून पाच नवे कंदील काढले. प्लास्टिकचे, सोनेरी, बटण दाबलं की आत खोटी ज्योत लुकलुकते. बॅटरीवर.

‘‘आंटी, ते रॉकेलचं नको. साड्या भारीच्या हायेत. आन् कॅमेऱ्यात धूर दिसतो,’’ तो म्हणाला.

मी भारतकडे बघितलं. माझा भाऊ आयुष्यभर मालगाडीचा गार्ड होता. एका हातबत्तीवर अख्खी गाडी थांबवलेला माणूस. तो म्हणाला, ‘‘जाऊ दे रतनबाई. त्यांच्या बाजूच्या पाच हायेत, त्यांचं त्यांनी बघावं. संपतरावांना वाईट वाटाया नको.’’ सकाळपासून संपतरावांना वाईट वाटू नये हाच त्याचा धर्म झाला होता. मुलीचा बाप झाला की माणसाच्या पाठीचा कणा कुठं जातो, हे मला अजून कळलेलं नाही.

तर अशा दहाजणी फाटकात उभ्या राहिल्या. पाचांच्या हातात खेळणी, पाचांच्या हातात बत्त्या. मे महिन्याचं ऊन. गौतमी आणि तिच्या मैत्रिणी ड्युटीवरून थेट आल्या होत्या, दवाखान्याच्या बाथरूममध्ये साड्या नेसून. डोळे लाल, पण केस नीट विंचरलेले आणि बत्ती कशी धरायची ते बरोबर लक्षात ठेवलेलं. लग्नाची वेळ झाली. वेळ गेली.

भारतनं फोन लावला. पलीकडून संपतराव म्हणाले, ट्रॅफिक जाम हाय, निम्म्या वाटंवर, न्हावऱ्यापर्यंत आलोय. भारत सगळ्यांना सांगत सुटला, ट्रॅफिक हाय, ट्रॅफिक हाय. पाहुणे ए.सी.त जाऊन बसले. मी चर्चच्या बाजूच्या खोलीत गेले. अनुपमा पांढऱ्या साडीत, डोक्यावर जाळीचा पदर घेऊन खुर्चीत बसली होती. हातात मोबाइल.

तिनं तो माझ्यापुढं धरला. सत्यजीतचं स्टेटस होतं, नुकतंच टाकलेलं. न्हावरे नव्हतं ते, शिरूरचा चौक होता. उघड्या जीपच्या बॉनेटवर नवरदेव उभा, गळ्यात नोटांचा हार, तोंडावर फेसाचे फवारे. मागं डीजेची भिंत. आणि जीपला बांधलेला मोठा बॅनर, त्यावर नवरदेवाचा फोटो बारका आणि संपतरावांचा हात जोडलेला फोटो मोठा. खाली ‘भावी नगरसेवक’.

मुलाच्या वरातीत बापानं प्रचार करावा. 

‘‘लागेल की वेळ,’’ अनुपमा म्हणाली. ‘‘सगळे चौक घ्यायचे असतील.’’ तिच्या आवाजात राग नव्हता. ती रुग्णाचा ताप बघून कागदावर आकडा टाकावा तशी बोलत होती. मग म्हणाली, ‘‘पोरींना सावलीत घ्या आत्या.’’

मी बाहेर आले आणि मुलींना म्हटलं, बसा सावलीत. तर पाळकसाहेब आडवे आले. रीत मोडायची नाही म्हणाले. दाखल्यातल्या कुमारिकांनी वाट पाहिली, ह्यांना तासभर उभं राहता येत नाही? वाट पाहणं हीच तर तयारी. त्यांना बहुधा स्वतःचंच वाक्य आवडलं, कारण ते आत गेले, माइक सुरू केला आणि नवरदेव येईपर्यंत मंडळीला आशीर्वाद मिळावा म्हणून दहा कुमारिकांवर संदेश द्यायला लागले. बाहेरही स्पीकर होता. उन्हात उभ्या असलेल्या पोरींना सगळं ऐकू येत होतं.

त्यांनी प्रत्येक गोष्टीचा अर्थ सोडवून दाखवला. दिवा म्हणजे नाव. तेल म्हणजे पवित्र आत्मा. झोप म्हणजे जगाची भुरळ. उशीर म्हणजे काय? तर उशीर म्हणजे देवाची कृपा, की आपल्याला तयारीला आणखी वेळ मिळावा. वराच्या उशिराबद्दल कुरकुर करणारी नवरी ही अविश्वासी मंडळी होय. ‘‘जागे राहा,’’ ते म्हणाले. ‘‘आजच्या तरुण पिढीला जागं राहणं माहीत नाही.’’ रात्रभर आय.सी.यू.त जागलेल्या चार मुली फाटकात उभ्या होत्या आणि हा माणूस ए.सी.त बसून त्यांना जागं राहायला शिकवत होता. उंटावरून शेळ्या हाकणारे मी खूप पाहिले आहेत, पण ह्या उंटाला गादीसुद्धा होती.

बत्त्या खाली उतरायला लागल्या. मी मुलींना वात बारीक करायला सांगितलं आणि राखीव डबा आणायला बत्त्यांचं कपाट होतं त्या खोलीत गेले. डबा नव्हता. कोपऱ्यात नाही, कपाटामागं नाही. त्या काळ्या शर्टवाल्याला गाठलं.

‘‘तो व्हय? वास येत व्हता आंटी. ओतून टाकला.’’

‘‘कुठं?’’

त्यानं गटाराकडे बोट दाखवलं. गटारावर रॉकेलचा इंद्रधनुष्यी तवंग पसरला होता आणि त्यात कुणाची तरी थुंकलेली मावा-सुपारी तरंगत होती. मी तिथंच उभी राहिले. मी तेल आणलं होतं. पुरेसं आणून वर जास्तीचं ठेवलं होतं. शहाण्या कुमारिकेनं करायचं ते सगळं मी केलं होतं, आणि ते एका पोऱ्यानं कॅमेऱ्यासाठी गटारात ओतलं. ह्याचा अर्थ दाखल्यात कुठं बसतो ते पाळकसाहेबांना विचारायला हवं होतं.

परत आले तर मायाची बत्ती विझली होती. मग आणखी एक. मुलाकडची एक मुलगी, बरीशी होती ती, गौतमीला म्हणाली, ‘‘आमच्यातलं दिलं असतं गं, पण ह्यात तेलच न्हाई. द्यायचं काय?’’ गौतमीला हसू आलं. हसता हसता तिच्याही बत्तीची वात फडफडली आणि गेली, मग उरलेल्या दोघींचीही.

तेवढ्यात पाळकसाहेब पाणी प्यायला दारात आले. त्यांनी विझलेल्या पाच बत्त्या बघितल्या, लुकलुकणारे पाच प्लास्टिकचे कंदील बघितले, आणि त्यांचा चेहरा उजळला. आत जाऊन माइकवर म्हणाले, ‘‘बंधुभगिनींनो, देवानं आज जिवंत उदाहरण दिलंय. बाहेर बघा. पाचजणींचे दिवे जळतायत, पाचजणींचे विझलेत. आणि विझले कुणाचे, तेही बघा.’’ लोक हसले. आपलेच लोक. ज्यांच्या पोरांना मी बाराखडी शिकवली, ज्यांना ह्याच नर्सांनी सलाइन लावलंय, ते मान वळवून बघून हसले. एवढी किळस मला उष्ट्या पत्रावळींच्या ढिगाचीसुद्धा कधी आली नाही.

गौतमीनं पदर खोचला. ‘‘बाई, मल्हारीमामाकडं मिळंल रॉकेल. स्टेशनापाशी स्टोव्ह दुरुस्त करतात ते. आम्ही जाऊन येतो.’’

‘‘एकीनं जा, डबा घेऊन ये.’’

‘‘न्हाई. जिची बत्ती तिनंच भरायची, तुम्हीच सांगितलंय. आन् इथं उभं ऱ्हाऊन ह्यांचं ऐकण्यापरीस बरं.’’

पाचहीजणी दोन स्कूटींवर बत्त्या मांडीत घेऊन गेल्या. त्या वळणावर दिसेनाशा झाल्या आणि दुसऱ्या बाजूनं डीजेचा धडधडाट आला.

आला. नवरदेव आला. चर्चच्या आवारात दोन जीपा घुसल्या, चाकांखाली गुलाबाची रोपं गेली. वर ड्रोन घुमत होता. फटाक्यांची लड कंपाउंडात, अगदी आमच्या जुन्या थडग्यांच्या ओळीशी लावली. उतरलेल्या पोरांतल्या अर्ध्यांचा तोल जात होता. एकजण थडग्याला टेकून ओकला, आणि बाकीच्यांनी त्याचाही व्हिडिओ काढला. सत्यजीत जीपवरून उतरला तो सूटवर फेसाचे वाळलेले डाग घेऊन. त्याच्या तोंडाला दारूचा वास होता. जास्त नाही, घोट-दोन घोट घेतल्यासारखा. मित्रांनी पाजली असेल. बापापुढं बोलत नाही तसा मित्रांपुढंही बोलत नसेल.

‘‘लय उशीर झाला जावईबापू,’’ मी म्हटलं.

‘‘आत्या, डॅडींचा कार्यक्रम होता ना,’’ तो म्हणाला, आणि हसला. हसणं गोड होतं. तेच सगळ्यात वाईट वाटलं.

इव्हेंटवाल्यानं प्लास्टिकचे पाच कंदील दोन्ही बाजूंना उभे केले आणि सगळे आत गेले. संपतरावांनी आपल्या सागवानी दाराकडे कौतुकानं बघितलं आणि हुकूम सोडला, ‘‘दार लावून घ्या. ए.सी. बाहेर चाललाय.’’ भारत धावला आणि त्यानं दार लावलं.

मी म्हटलं, ‘‘अजून पाचजणी यायच्यात.’’

‘‘येतील की मागनं,’’ भारत माझ्याकडे न बघता म्हणाला.

अनुपमाला आणून उभी केली. गीत झालं, प्रार्थना झाली. पाळकसाहेब घाईत होते, जेवणं खोळंबली होती. सत्यजीतला विचारलं, त्यानं होय म्हटलं, मागून मित्रांनी शिट्टी मारली. मग त्यांनी अनुपमाला विचारलं, की तू ह्या पुरुषाला आपला पती म्हणून स्वीकारतेस काय?

तिनं श्वास घेतला. आणि दार वाजलं.

आधी हळू, मग जोरात. बाहेरून गौतमीचा आवाज आला, ‘‘बाई, आम्ही हाय. दार उघडा.’’

मी उठले. संपतरावांनी पुढच्या बाकावरून हात वर केला, ‘‘बसा बाई, नंतर बघू. शूटिंग चालू हाय.’’ दार पुन्हा वाजलं. लोक चुळबुळायला लागले. पाळकसाहेबांनी तेव्हा जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यांनी माइक तोंडाशी नेला, दाराकडे बघून डोळे मिचकावले आणि दाखल्यातल्या नवरदेवाच्या आवाजात म्हणाले, ‘‘मी तुम्हाला ओळखत नाही.’’

चर्च हसलं. सगळं चर्च. संपतराव मांडीवर थाप मारून हसले, भारत त्यांच्याकडे बघून हसला. आणि सत्यजीत हसला. खांदे हलवत, मोकळेपणानं, मागं वळून मित्रांना टाळी देत.

अनुपमा त्याच्याकडे बघत होती. तिनं त्याचं हसू संपेपर्यंत वाट पाहिली. मग डोक्यावरचा जाळीचा पदर मागं टाकला, साडीच्या निऱ्या एका हातानं उचलल्या आणि बाकांच्या मधून दाराकडे चालत गेली. कडी जड होती. तिनं दोन्ही हातांनी ओढली.

बाहेर पाचजणी घामानं निथळत उभ्या होत्या. मायाच्या साडीला रॉकेलचा डाग पडला होता. पाची बत्त्या पेटलेल्या होत्या.

अनुपमा आत वळून म्हणाली, ‘‘ह्यांना मी ओळखते.’’

फार मोठ्यानं नाही म्हणाली, पण दाराशेजारी माइक नव्हता तरी सगळ्यांना ऐकू गेलं. मग ती उंबरा ओलांडून बाहेर गेली.

आत काय झालं ते काय सांगू? इव्हेंटवाला विचारत होता, हा शॉट परत घ्यायचा का? पाळकसाहेब माइकवर फुंकर मारत राहिले. सत्यजीत दारापर्यंत आला. ‘‘अनु, आत ये, लोकं बघत्यात. डॅडी काय म्हणतील?’’

‘‘तू काय म्हणतोस?’’ तिनं विचारलं.

तो बापाकडे बघायला लागला. खरंच, मागं वळून बापाकडे.  ती पायरीवर बसली आणि गौतमीला म्हणाली, ‘‘जेवलात का गं रात्रीपासून?’’

मी माझी पिशवी उचलली आणि बाहेर आले. मागं संपतराव भारतला खडसावत होते, की ही काय पद्धत, पोरीला आत बोलवा, माझी इज्जत हाय गावात. मला वाटलं, आता हा पाया पडणार. त्याची सवय तशीच झाली होती. पण भारत बाहेर आला. त्याच्या डोक्यावरचा फेटा संपतरावांनीच बांधला होता, तो काढून त्यानं पायरीवर ठेवला. मग मायाच्या हातातली बत्ती घेतली. चुकून घेतली असेल असं मला वाटलं. त्यानं काच फिरवली, आणि दारात उभ्या असलेल्या नवरदेवासमोर लाल धरला.  बत्ती अगदी सरळ होती. रेल्वेतल्या माणसाला एवढं येतंच.

‘‘चला घरी,’’ तो म्हणाला.

निघताना मी दाराकडे परत गेले. आतून गार वारा अंगावर येत होता, अत्तराचा, घामाचा आणि ओकारीचा वास घेऊन. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, ‘‘ए.सी. बाहेर चाललाय,’’ आणि ते सागवानी दार बाहेरून ओढून घेतलं.

पुढं बरंच झालं. मंडळीच्या कमिटीनं किल्ल्या परत मागितल्या, मी दिल्या. बत्त्या मात्र घरी आणल्या आहेत. पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी पुन्हा दाखल्यावरच संदेश दिला म्हणे, आणि ह्या वेळी सगळ्या मंडळीतले मूर्ख कोण ते नाव न घेता सांगितलं. सत्यजीतचे फोन येत होते, आता येत नाहीत. अनुपमा ड्युटीवर जाते. कधी कधी रात्री रडते, ते मला भिंतीपलीकडून ऐकू येतं, आणि मी उठून चहा टाकते.

परवा गौतमी आली होती. दुपारची वेळ, ती आणि अनुपमा दोघी ड्युटीवरून येऊन जमिनीवरच आडव्या झालेल्या. मी बत्त्यांच्या काचा पुसत होते. तिनं डोळे मिटूनच विचारलं, ‘‘बाई, सापडली का दाखल्यातली नवरी?’’

मी म्हटलं, ‘‘सापडली. दार वाजत होतं तेव्हा ती आतच होती, आणि आतच बसून राहिली. म्हणून तर ती आली नाही दाखल्यात. बाहेर आली असती तर कुणीतरी लिहिली असती.’’

 दोघींना झोप लागली होती. मी पंखा त्यांच्याकडे वळवला आणि दार उघडंच ठेवलं.